जेवणाच्या सुट्टीत मीठ मिळणार नाही

ती. वन्संना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवते आहे, त्याअर्थी ते अजून जागेवर आहे, एवढं समजून घ्यावं. घरातल्या इतर वस्तूंबद्दल मला खात्रीनं काही लिहिता येत नाही.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखत नाही, उतरतानाच दुखतो, असं तुम्ही लिहिलं होतंत. माझं ऐकाल तर वरच राहा. खाली उतरून पाहण्यासारखं जगात फारसं काही उरलेलं नाही, निदान आमच्या घरी तरी नाही. भावोजींचा खोकला थांबला असेल. नसेल तर तो थांबेपर्यंत हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. हसले तर ढास लागेल, आणि ते हसणार हे मला माहीत आहे. तुम्ही सगळी मंडळी लांब राहता म्हणून आमच्या घरातलं सगळं तुम्हाला हसण्यावारी नेता येतं. इकडचं सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून तेही लिहून टाकते, पण त्यावर विसंबू नका.

वन्सं, आज मी सरळ तक्रार घेऊन तुमच्या दारात उभी आहे, आणि ती तुमच्या भावाबद्दल आहे. दुसऱ्या कोणाकडे जाऊ? आई गेल्यापासून तुम्हीच यांना लहानाचं मोठं केलंत, आणि जगात हे कोणाला घाबरत असतील तर ते तुम्हाला, यांच्या अक्काला. आमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतंत की आमचा बाळ्या (हा शब्द तुमचा) फारसा बोलत नाही, पण वस्तू जिथल्या तिथे ठेवतो, तुला कसला त्रास व्हायचा नाही. मी मान डोलावली. वस्तू जिथल्या तिथे ठेवणं हा गुण आहे अशी तेव्हा माझी समजूत होती. आणि इतकी वर्षं तो गुणच होता, कारण हे त्या वस्तू कारखान्यात ठेवत होते. त्या पंपांच्या कारखान्यातलं स्टोअर यांनी कसं सांभाळलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. जाळीच्या खिडकीमागे हे उभे, पुढे कामगारांची रांग. ज्याला पान्हा हवा त्यानं आपला पितळी बिल्ला द्यायचा, पान्हा घ्यायचा, पान्हा परत आला की बिल्ला परत. एक वायसर इकडचा तिकडे झाला नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, अभिमानानं म्हणायचे. आता तोच अभिमान घशाशी येतो.

तर हे रिटायर झाले. निरोपसमारंभाला घड्याळ दिलं. (ज्या माणसाला आता वेळेचं काय करायचं हाच प्रश्न आहे त्याला घड्याळ देणारं डोकं मला एकदा जवळून पाहायचं आहे.) समारंभानंतर हे स्टोअरच्या चाव्यांचा जुडगा हातात घेऊन बसून राहिले, की कोणीतरी येईल आणि ताबा घेईल. कोणी आलं नाही. तिथे सगळं आता कुठल्या तरी यंत्रावर चालणार होतं आणि कुलपंही बदलणार होती, त्यामुळे त्या चाव्या कोणाला नकोच होत्या. शेवटी हे जुडगा खिशात घालून घरी आले. मला यातलं काही सांगितलं नाही, बेबीला सांगितलं, आणि बेबीनं मला. (आमची बेबी म्हणजे तुमची भाची आता दातांच्या दवाखान्यात नोकरीला आहे, लोकांना तोंड उघडायला सांगते, आणि तरी घरात ती बेबीच.) ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे काय वाढून ठेवलं आहे हे कळलं असतं तर तेच पाणी मी राखून ठेवलं असतं.

पहिले काही दिवस हे स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून मला नुसतं पाहत बसले. मी ओट्याकडून कपाटाकडे, कपाटाकडून फडताळाकडे, फडताळाकडून परत ओट्याकडे. एक दिवस म्हणाले, तू फार चालतेस. वन्सं, मी बाई आहे, विरघळले. मला वाटलं, इतक्या वर्षांनी या माणसाला माझे पाय दिसले. त्या दिवशी यांच्या चहात मी जास्त साखर घातली. दुसऱ्या दिवशी कळलं की ती काळजी नव्हती, ती तपासणी होती. कमीत कमी श्रमात घर नीटनेटकं ठेवायचं तर हालचाल वाचवली पाहिजे, असा यांचा सिद्धान्त. हात लांबवला की वस्तू हातात आली पाहिजे, हात सोडला की वस्तू जागेवर गेली पाहिजे. ऐकायला किती गोड! भिंतीवर मोठी फळी ठोकली, तिच्यावर माझ्या झाऱ्याची, चिमट्याची, किसणीची, एकेका डावाची रंगानं बाह्यरेषा काढली, आणि ज्याच्या त्याच्या सावलीत ज्याला त्याला टांगलं. कारखान्यात हत्यारं अशीच टांगतात म्हणे, एखादं हत्यार नसेल तर भिंतच सांगते. सांगते खरी. पण ती फळी ठोकली यांच्या हाताच्या उंचीला. तुमच्या घराण्यात सगळे ताडमाड, आणि मी कशी आहे ते तुम्ही जाणताच. झारा काढायला मला स्टुलावर चढावं लागायचं, आणि स्टूल आता स्टोअरमध्ये जमा झालं होतं.

हो, स्टोअर. तेच सांगायचं आहे. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये ती अंधारी खोली आहे ना, जिथे जुन्या बॅगा आणि तुम्ही दिलेली गादी होती? (गादी सुखरूप आहे, तिला नंबर मिळाला आहे.) तिथे यांनी फळ्या मारल्या आणि घरातली प्रत्येक सुटी वस्तू आत नेली. सुई, कात्री, टेप, मेणबत्त्या, टाचण्या, औषधं, कोरे कागद, बल्ब, दोऱ्या, चमचे, साबण, बिस्किटं, मीठ. मग दार करवतीनं मधोमध कापलं. खालचं अर्धं बंद, त्याच्यावर आडवी फळी, वरचं अर्धं उघडं. आत हे. आणि आम्हा दोघींना बिल्ले दिले. माझ्यावर ‘शिवण विभाग’, बेबीच्या बिल्ल्यावर ‘तात्पुरती कर्मचारी’, कारण ती कधी ना कधी लग्न करून नाहीतर नोकरी बदलून जाणार. पोरगी दवाखान्यातून दमून आली आणि तो बिल्ला बघून इतकी हसली की मलाच तिचा राग आला. माझं कोणी घरात ऐकत असेल तर शपथ.

आता खोटं कशाला लिहू, घर लखलखीत झालं. टेबलावर काही नाही, खुर्चीवर काही नाही, दाराच्या मुठीला काही अडकवलेलं नाही. वरच्या मजल्यावर निवृत्त परिचारिकाबाई राहतात, त्या दळणाचा डबा विसरल्या म्हणून आल्या आणि डबा विसरून खोल्या पाहत राहिल्या. म्हणाल्या, एवढं नीटनेटकं, आणि दिवसभर तुम्ही तर मशीनवर असता, तुम्हाला काहीच कष्ट पडत नसतील. मी मनात म्हटलं, संग्रहालयातही पसारा नसतो, कारण तिथे कशाला हात लावायची सोय नसते. श्रम कमी झाले हे मला मान्य आहे, पण कोणाचे ते बघा. हे आपले खिडकीत बसलेले. हात लांबवला की वस्तू येते ती यांच्या. मला साधी कात्री हवी तर मशीन थांबवा, उठा, बिल्ला शोधा, खिडकीशी जा, कात्री मागा (‘कुठली?’ ‘मधली.’ ‘कशासाठी?’), आणा, कापा, नेऊन द्या, बिल्ला घ्या. एवढ्यात आमच्याकडे पूर्वी अख्खा कोट होत असे.

त्यात यांचा दुसरा एक नियम होता, जो माल आधी आला तो आधी जाणार. बेअरिंगला हा नियम चांगला असेल, बिस्किटांना नाही. जुना पुडा संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही, आणि नव्याची पाळी येईपर्यंत तोही जुना झालेला. वन्सं, हे रिटायर झाल्यापासून आम्ही या घरात कुरकुरीत बिस्किट खाल्लं नव्हतं. टॉवेलांचं तेच. जे टॉवेल मी फाडून पुसणी करायची म्हणून बाजूला टाकले होते ते पहिले आलेले, म्हणून आम्ही अंग त्यांनी पुसायचो, आणि नवे टॉवेल आपली पाळी यायची वाट पाहत घडीत विरायचे. शिवाय बेवारस मालाची पेटी. रात्रीच्या जेवणानंतर कुठेही काही पडलेलं दिसलं की पेटीत, आणि सोडवून घ्यायचं तर कारण सांगायचं. माझा चष्मा पेटीत गेला. तो सोडवायचा कसा हे पेटीवर लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला मला चष्मा लागत होता.

आणि मग ते मिठाचं झालं. रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. भाजीत मीठ नव्हतं. (ओट्यावरची बरणी रिकामी झाली होती आणि सकाळी खिडकीशी रांग होती, म्हणजे बेबी होती.) मी म्हटलं, मीठ द्या. हे माझ्यासमोर बसले होते, माझ्या आणि यांच्यामध्ये फक्त भाजीचं भांडं. शांतपणे म्हणाले, “जेवणाची सुट्टी आहे. खिडकी बंद आहे.” मी म्हटलं, खिडकीतला माणूस इथे बसला आहे. म्हणाले, हो, कारण सुट्टी आहे. मला वाटलं थट्टा करताहेत. तुम्हाला माहीत आहे, हे थट्टा करत नाहीत. एकदा जेवताना उठून दिलं तर उद्या चहाच्या वेळी कोणी मागेल, मग शिस्त ती काय राहिली, असं यांचं म्हणणं. आणि वन्सं, सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? यांनीही ती भाजी तशीच अळणी खाल्ली. तोंड वाकडं न करता, दुसऱ्यांदा वाढून घेऊन. माणूस निदान स्वतःपुरती लबाडी करणारा असावा, म्हणजे त्याच्याशी भांडता तरी येतं. बेबी शांतपणे उठली आणि वरच्या परिचारिकाबाईंकडून चिमूटभर मीठ घेऊन आली. स्वतःच्या घरात मीठ असताना शेजारी मागितलं! मला तर त्या जिन्यावरून तोंड लपवून जावं लागतं.

हे सगळं मी गिळलं. मी बोलले नाही असं नाही, बोलले, पण गिळलं. पण पुढचं गिळण्यासारखं नव्हतं, कारण ते माझ्या शिवणापर्यंत आलं.

माझी शिवणाची खोली तुम्ही पाहिली आहे. तुम्हीही तेव्हा म्हणाला होतात, की अगं बाई, इथे पाय कुठे ठेवायचा. पण वन्सं, तो पसारा नव्हता. ते माझं डोकं होतं, बाहेर मांडून ठेवलेलं. एकेका गिऱ्हाइकाच्या कापलेल्या कापडाचं एकेक गाठोडं, चिंधीनं बांधलेलं. खुर्चीवर असेल तर आज शिवायचं. मशीनच्या झाकणावर असेल तर माप पुन्हा घ्यायचं. खिडकीत असेल तर गिऱ्हाइकानं कापड कमी आणलं आहे. पलंगाच्या पायथ्याशी असेल तर गिऱ्हाईक भांडून गेलं आहे, निवळलं की येईल. यात कधी चूक झाली नाही. तर मी अस्तर आणि बटणं आणायला बाजारात गेले, आणि परत येते तो खोलीत पाय ठेवायला जागाच जागा. यांनी सगळी गाठोडी सोडली होती. आणि पंपाचे भाग ठेवतात तसे ठेवले होते. सगळ्या बाह्या एका कप्प्यात, सगळ्या कॉलर दुसऱ्यात, पाठी तिसऱ्यात, खिसे चौथ्यात. रंगवार. हे घामाघूम होऊन मध्ये उभे होते आणि माझ्या तोंडाकडे पाहत होते. मुलानं चित्र काढून आणलं की पाहतो ना आपण, तसे उभे होते. मी म्हटलं, बसा, पाणी प्या. आणि तिथेच माझं चुकलं, तेव्हाच भांडायला हवं होतं.

त्या वेळी माझ्याकडे काळे कोट दोन होते. एक कोर्टाजवळच्या वकीलबाईंचा. दुसरा एका जादूगारांचा. शाळांतून खेळ करतात ते, फार सभ्य माणूस. त्यांच्या डाव्या बाहीत, अस्तराच्या आत, एक चोरखिसा करायचा होता, आणि त्याचं माप कळावं म्हणून त्यांनी आपले ते एकमेकांना गाठी मारलेले रेशमी रुमाल माझ्याकडे ठेवले होते. मी खिसा केला, रुमाल आत घालून पाहिले, नीट बसले, आणि बाही बाजूला ठेवली. रुमालांसकट. ती आता बाह्यांच्या कप्प्यात काळ्या बाह्यांत जाऊन बसली. दोघांच्याही उंच्या सारख्या, कापड एकाच दुकानातलं. वकीलबाईंचा माणूस दारात येऊन बसलेला, की दुसऱ्या दिवशी सुनावणी आहे, कोट आत्ता द्या. मी घाईघाईनं बाह्या जोडल्या. डावी हाताला किंचित जाड लागली. मी म्हटलं, अस्तर दुमडलं असेल, इस्त्रीखाली बसेल, आणि त्या माणसानं इस्त्रीलाही वेळ दिला नाही.

कोर्टातलं मी पाहिलेलं नाही, पण वकीलबाईंनीच इतक्या तपशिलानं सांगितलं की आता मला तिथली खुर्ची न् खुर्ची पाठ झाली आहे. दोन शेजाऱ्यांमधल्या भिंतीचा वाद होता. भिंत कोणाची, हा प्रश्न. बाई बोलायला उभ्या राहिल्या, रंगात आल्या, डावा हात वर केला आणि म्हणाल्या की आमच्या पक्षानं या न्यायालयापासून काहीही लपवून ठेवलेलं नाही. आणि बाहीतून पिवळा रुमाल बाहेर आला. त्यांनी तो घाईनं ओढला, तर त्याच्यामागे तांबडा आला. त्याच्यामागे हिरवा. समोरच्या वकिलांनी उभं राहून, हे सगळं पुराव्यात दाखल करून घ्यावं अशी विनंती केली. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पुढची तारीख दिली. (इकडे आमचे जादूगार उरलेली बाही जोडलेला कोट घालून त्याच दिवशी एका शाळेत मुलांसमोर मंत्र म्हणत उभे, आणि बाहीतून काही निघत नाही. त्यांनी पत्त्यांचे खेळ करून वेळ मारून नेली, आणि मला निरोप पाठवला की सवडीनं बाही बदलून द्यावी, घाई नाही. वळण म्हणतात ते हे.)

वकीलबाई कोर्टातून थेट आमच्याकडे. कोट माझ्या मशीनवर टाकला, त्याच्यावर रुमालांची ती माळ. तेवढ्यात हे खिडकीतून बाहेर आले आणि सरळ सांगून टाकलं की बाह्या एकत्र मी ठेवल्या, चूक माझी आहे. असं कोणी मागितलं होतं का? पण यांचं असंच, हिशेबात खोट आली की पहिलं बोट स्वतःकडे. झालं, बाईंना हवं ते सापडलं. ते कापलेलं दार, ती भिंतीवरची फळी, बिल्ले टांगायचे खिळे, सगळ्याकडे त्यांनी सावकाश पाहून घेतलं, जणू जागेचा पंचनामाच. आणि मग यांना काही न बोलता, यांच्या देखत, मला म्हणाल्या, “असं माणूस घरात मोकळं ठेवता कसं तुम्ही? कुठेतरी गुंतवा याला, नाहीतर दुसऱ्यांचं नुकसान करत हिंडेल.”

वन्सं, त्याच दिवशी सकाळी मी यांना याहून वाईट बोलले होते. शब्द जवळजवळ हेच होते. पण ते त्या बाईच्या तोंडून ऐकले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘याला’! माझ्या नवऱ्याला ‘याला’! ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याचा वायसर स्वतःच्या खिशात जाऊ दिला नाही, आणि ज्याच्याकडून चाव्या घ्यायलाही कोणी आलं नाही, त्याला कुठेतरी गुंतवा! मी उठले. माझी उंची बाईंच्या खांद्याला लागते, पण मी उठले. म्हटलं, “बाई, बाही मी जोडली आहे. हाताला जाड लागली तरी जोडली. बोलायचं ते मला बोला. यांना बोलायचं काम माझं आहे, ते मी दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही.” मग पुढेही बोलत सुटले. म्हटलं, यांच्यामुळे घर असं चालतं की अंधारात हात घातला तरी हवं ते मिळतं. (खोटं.) म्हटलं, मी सुखात आहे. (ते तर त्याहून.) म्हटलं, तुमच्या कोर्टात भिंत कोणाची हे इतक्या दिवसांत ठरत नाही, आमच्याकडे प्रत्येक खिळा कोणाचा ते ठरलेलं आहे. (हे मात्र खरं.) बाई गेल्या. कोट तिथेच टाकून गेल्या, तो मी नव्यानं करून पाठवला, आणि त्यांनी तो मुकाट्यानं घातलासुद्धा, कारण असा कोट त्यांना दुसरीकडे मिळणार नाही.

मी म्हटलं, आता तरी हे काही बोलतील. मी यांच्यासाठी एवढी भांडले, निदान ‘पाणी पी’ तरी म्हणतील. एक नाही, दोन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठते तो स्टोअरचं दार बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं, बिल्ल्यांचे खिळे उपटलेले, आणि हे बाहेरच्या खोलीला लागून असलेल्या गच्चीत पेपर घेऊन बसलेले. मी मनात म्हटलं, सुटले. बेबीला म्हटलं, जा, मीठ घे, कात्री घे, हवं ते घे. पहिला दिवस आम्ही दोघींनी चंगळ केली.

आता घर कसं आहे ते विचारू नका. आवरायचं कुठे तेच कळत नाही, कारण जुन्या जागा यांनी मोडल्या आणि नव्या जागा यांच्याच डोक्यात. कात्री हरवली, टेप हरवली, बेबीची एक चप्पल हरवली आणि ती माझ्या सपाता घालून दवाखान्यात गेली. शिवणाच्या खोलीत मी गाठोडी पुन्हा बांधली, पण काम आता दुप्पट आलं आहे (रुमालांची गोष्ट गावभर झाली आणि वकीलमंडळी रांगेनं कोट टाकायला येतात, बहुतेक बाही उलटी करून बघायला), आणि गाठोड्यांवर गाठोडी चढल्यामुळे कोण भांडून गेलं आहे आणि कोणाचं आज शिवायचं आहे याचा मेळ लागत नाही. आणि हे सगळं हे बघतात. गच्चीतून सगळं दिसतं. परवा मी टेप शोधून शोधून रडकुंडीला आले आणि गच्चीच्या दारात जाऊन विचारलं, टेप कुठे असेल हो? पेपरातून डोळे न काढता म्हणाले, “असेल कुठेतरी.”

असेल कुठेतरी! वन्सं, तुमच्या भावाच्या तोंडून! यांनी मला मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. जो माणूस झोपेत विचारलं तरी वायसर कुठल्या फळीवर ते सांगायचा, तो म्हणतो असेल कुठेतरी. हा छळ नाही तर काय? आधी व्यवस्थेनं छळलं, आता अव्यवस्थेनं छळताहेत, आणि दोन्ही वेळा तोंडातून आवाज नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी खातात, कमी पडलं तरी खातात, आणि मीठ मागत नाहीत. काय करावं अशा माणसाचं?

म्हणून हा पत्राचा प्रपंच. माझा एवढाच आग्रह आहे की तुम्ही यांना महिनाभर तुमच्याकडे बोलावून घ्या. तुमचं घर मोठं आहे, माळा आहे, भावोजींची औषधं आहेत, यांना गुंतायला पुष्कळ आहे. मला चार दिवस मोकळा श्वास घेऊ द्या. तुमचा भाऊ आहे, तुम्हीही थोडा सोसा. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर धाकटी समजून पदरात घ्या, पण बोलावून घ्याच.

बेबीचा तुम्हा दोघांना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
धाकटी भावजय (हल्ली पदच्युत शिवण विभाग)

ता. क. – यांना एवढ्यात बोलावू नका. तुमच्याकडे सध्या थंडी फार असेल, यांना सोसत नाही, आणि हे स्वेटर घातला का म्हणून कोणी विचारल्याशिवाय घालत नाहीत. शिवाय कुठला स्वेटर कुठे आहे हे मला सापडायला हवं.

आणखी ता. क. – त्यापेक्षा तुम्ही यांना एक पत्र लिहा. माझं नाव त्यात अजिबात येऊ देऊ नका. लिहा की तुम्हाला असं असं कानावर आलं (कोणाकडून ते गुळमुळीत ठेवा), की शिवणाच्या खोलीत सगळा घोळ झाला आहे आणि बायकोला एकटीला तो उरकत नाही. ‘मदत कर’ असं लिहू नका, मदत म्हटलं की हे नुसते भाजी चिरून देतील. ‘ताबा घे’ असं लिहा. गाठोडी सोडायची नाहीत, एवढी एक अट घाला, ती तुमचीच म्हणून घाला. आणि फळी लावायचीच झाली तर ती लावण्याआधी बायकोला शेजारी उभी करून तिची उंची बघ, असंही ओघात कुठेतरी येऊ द्या. अर्धं दार पुन्हा बसवलं तरी माझी हरकत नाही. पण हे मी म्हटलं असं कळलं तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

अगदी शेवटचं – सकाळपासून पाकीट शोधत होते, मिळेना. शेवटी नाइलाजानं गच्चीत जाऊन म्हटलं, एक पाकीट हवं होतं. कोणाला लिहिते आहेस, काय लिहिते आहेस, काही विचारलं नाही. उठले, आत गेले, मी पाणी पिऊन येईपर्यंत पाकीट माझ्या हातात. म्हणाले, “अक्काला आहे ना? मग हे जाड घे. पातळ फाटेल.”